पूर ओसरल्यावर शेतकऱ्याला बियाणं, रोपं द्यायचीत? मग आधी हे वाचा

पुराच्या बातम्या सुरू झाल्या की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज जुन्या कपड्यांचा येतो, मग बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेटं, आणि पहिले आठ दिवस हे सगळं लागतंच, त्यात वाद नाही. पण पाणी उतरलं, टेम्पो परत गेले की शेतकरी बांधावर उभा राहून एकच हिशेब करत असतो, आता कुठला हंगाम हाताला लागतोय आणि बियाण्याला पैसे कुठनं आणायचे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळा आणि पलीकडे परांडा, भूम हा सगळा पट्टा धुऊन काढला तेव्हा उभं सोयाबीन, तूर, कांदा, ऊस तर गेलाच, पण बऱ्याच घरांत पुढच्या पेरणीला म्हणून कोपऱ्यात रचून ठेवलेली पोतीसुद्धा पाण्यात बसली.

अशा वेळी बियाणं देणं ही लाखमोलाची मदत, फक्त ती विचार करून द्यायची मदत आहे. शर्ट मापात बसला नाही तर माणूस बाजूला ठेवतो, विषय संपला. बियाणं उगवलं नाही तर मशागत, खत, पेरणीची मजुरी आणि अख्खा हंगाम जातो, आणि तो दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून पहिल्यांदाच असं काही करायला निघालेल्या मंडळांसाठी, ऑफिसच्या ग्रुपसाठी आणि बाहेरदेशी राहून काहीतरी करू म्हणणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी कॅलेंडर, मग वर्गणी

उलटं होतं नेहमी. आधी पैसे जमतात, मग मीटिंगा, मग टीशर्ट छापायचे का यावर चर्चा, आणि बियाणं गावात पोचेपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली. पेरणीला तारीख असते. रब्बी ज्वारी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. जिरायत (पावसाच्या ओलीवरचा) हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बागायत (पाणी देऊन घेतलेला) हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. बागायत गहू १ ते १५ नोव्हेंबर, उशिराचा फार तर १५ डिसेंबरपर्यंत, आणि जितका उशीर तितका उतारा कमी. पूर सप्टेंबरच्या शेवटी आला, रान वापशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, यायला पंधरा दिवस ते महिना गेला, तर जिरायत ज्वारीची वेळ जवळजवळ हातची गेलीच म्हणायची आणि हरभरा हेच मुख्य पीक उरतं. तुमचं नियोजन या तारखांवरनं मागे मोजत या. दिवाळीनंतर बघू असं कुणी म्हणालं तर त्याला गव्हाच्या कामाला लावा, हरभऱ्याच्या नको.

आणि हंगाम चुकलाच तर घाईघाईनं काहीतरी देऊ नका, पैसे राखून ठेवा, खरिपाला जूनमध्ये सोयाबीन-तुरीला वापरा. तेव्हा पुराची बातमी कुणाच्या लक्षात नसते आणि शेतकऱ्याची उधारी मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त वाढलेली असते.

गावात फोन कुणाला करायचा

तालुका कृषी अधिकारी कार्यालय आणि गावचे कृषी सहायक, इथून सुरुवात करा. (आता त्यांचं पद सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात अजून कृषी सहायकच म्हणतात.) त्यांच्याकडे नुकसानीची यादी असते, कुठल्या गटात जमीन खरडून गेली, कुठं नुसतं पाणी साचलं होतं हे माहीत असतं. पण तेवढ्यावर थांबू नका. सरपंच, एखादी महिला बचत गटाची ताई आणि जमलं तर गावातला एखादा शिक्षक, अशा तीन वेगवेगळ्या लोकांशी बोला. तिघांच्या याद्या सारख्या आल्या तर चांगलं, नाही आल्या तर कुठली नावं फक्त एकाच यादीत आहेत ती नीट बघा, कधी ती सरपंचांच्या भावकीची निघतात आणि कधी खरोखर सगळ्यांनी विसरलेल्या माणसाची.

प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण ते विचारल्याशिवाय एक किलोसुद्धा विकत घेऊ नका.

पंचनामा झालाय का? झाला नसेल तर रान मोडायची, नांगरायची घाई त्याला करायला लावू नका, भरपाईचा पुरावाच जातो.

माती आहे का? हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो, पण नदीकाठी वरची हात-दीड हात काळी माती वाहून जाऊन खाली मुरूम किंवा दगडगोटे उघडे पडलेले असतात. तिथं बियाणं देऊन काही होणार नाही, तिथं गाळ-माती टाकायला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि डिझेल लागतं. तुमचे पैसे त्या कामाला लावा आणि बियाण्याच्या यादीतून ते नाव पुढच्या वर्षीच्या यादीत टाका.

पाणी आहे का? विहीर गाळानं बुजली, मोटार वाहून गेली, पाइपलाइन उखडली, विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आडवा झाला, अशी परिस्थिती असेल तर बागायत गव्हाचं बियाणं कितीही भारी असू दे, ते पोत्यातच राहणार. मागच्या वर्षी बागायत होतं म्हणून यंदा पण आहे असं धरून चालू नका.

औजारं, बैल, ट्रॅक्टर कुणाचा? पेरणीला पैसे आहेत का? बियाणं फुकट मिळालं पण पेरायला पैसे नाहीत म्हणून शेवटी तेच बियाणं अर्ध्या किमतीत विकावं लागलं असं होतं, आणि त्याबद्दल त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. एकरी बियाणं, एक बॅग डीएपी खत आणि पेरणीचं भाडं, असा पूर्ण सेट थोड्या लोकांना दिलेला बरा. शंभर जणांना पाच-पाच किलोच्या पिशव्या वाटल्या तर फोटो छान येतो, पण पाच किलो हरभऱ्यात सात-आठ गुंठेसुद्धा पेरून होत नाहीत.

सातबारा नसलेली माणसं

सरकारी मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीच्या बियाण्याला वगैरे हेक्टरी १० हजार होते. ही मदत कमी का जास्त यावर बोलायची ही जागा नाही. मुद्दा असा की जो वाट्यानं किंवा खंडानं शेती करतो, ज्याचा कागदोपत्री करार काहीच नसतो, बी-खताचे पैसे घालतो तो आणि भरपाई येते मालकाच्या खात्यावर, मालक बऱ्याचदा पुण्या-मुंबईला. नवरा गेलेली बाई, जिचं नाव अजून वारस म्हणून लागलेलं नाही, तिचंही तेच. चार भावांचा एकत्र सातबारा आणि कसणारा एकच, तिथंही भानगडी.

तुमची मदत खाजगी आहे, तुम्हाला सातबारा मागायची सक्ती नाही, तर त्याचा फायदा घ्या आणि यादी करताना कसतोय कोण हे विचारा. खातरजमा शेजारच्या बांधावरनं होते, 'हे रान कोण करतं?' असं दोन शेजाऱ्यांना विचारलं की कळतं. माझं मत विचाराल तर अर्धी मदत डोळे झाकून अशाच लोकांना द्यावी.

कुठलं पीक, किती किलो

हे गावानं ठरवायचं, आपण नाही. आपण फक्त आकडे नीट ठेवायचे.

हरभऱ्याचं विजयसारखं मध्यम दाण्याचं वाण असेल तर एकरी २५ ते ३० किलो, दिग्विजय, विराट अशा टपोऱ्या दाण्याला ४० किलो. याच्यात गफलत फार होते, कारण लोक एकरी ३० किलो असं पाठ करून ठेवतात आणि मग टपोऱ्या दाण्याचं वाण उचललं की रानात विरळ उगवतं आणि नाव बियाण्याचं खराब होतं. जॅकी ९२१८ मराठवाड्यात, विदर्भात लोकांच्या ओळखीचं आहे. फुले विक्रम उंच वाढतं, हार्वेस्टरनं काढता येतं, जिथं मजूर मिळत नाहीत तिथं त्याची मागणी येईल.

रब्बी ज्वारीला एकरी ४ किलो पुरतं. म्हणजे वाहतुकीला सगळ्यात स्वस्त. मध्यम ते भारी जमिनीला मालदांडी, परभणी मोती, हलक्याला फुले अनुराधा. ज्वारी म्हणजे नुसतं धान्य नाही, कडबा आहे, आणि पुरात चारा वाहून गेलेल्या गावात कडब्याची किंमत धान्यापेक्षा वर जाते. गहू एकरी ४० ते ५० किलो, उशिरा पेरायचा तर जास्त धरा.

खरिपासाठी ठेवणार असाल तर सोयाबीन एकरी २६ ते ३० किलो. सोयाबीनच्या बाबतीत एक गोष्ट हमालांना सांगायलाच हवी, पोती आपटायची नाहीत. त्याचं टरफल पातळ असतं, वरनं आपटलं की आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरनं दाणा अगदी सोन्यासारखा दिसतो. उंच थप्पी पण लावू नका.

कांद्याचं बी देताना जास्त सावध राहा. ते वर्षभरातच उगवण घालवतं, महाग असतं आणि त्यात फसवणूक पण भरपूर. त्यापेक्षा ज्या भागात पाऊस बेताचा झाला तिथल्या शेतकऱ्यांकडे रोप शिल्लक राहिलंय का बघा. जुड्या बांधून, मुळं ओलसर राहतील अशी, रात्रीच्या गाडीनं पाठवली तर दुसऱ्या दिवशी लागणीला जातात. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला दिलेलं रोप आणि तुमचं फक्त गाडीभाडं, याच्याइतकी स्वस्त आणि खात्रीची मदत दुसरी सापडायची नाही.

हिशेब असा. ५० कुटुंबं, प्रत्येकी एक एकर हरभरा, ३० किलोनं १५०० किलो, म्हणजे १५ क्विंटल. छोट्या हत्तीच्या दोन खेपा किंवा एक पिकअप. त्याच्यासोबत ५० बॅगा डीएपी म्हणजे अजून अडीच टन, ते शहरातनं न्यायचं कारणच नाही, तालुक्याच्या गावात घ्या.

विकत कुठून घ्यायचं

किराणा दुकानातला हरभरा उगवतो की, मग तोच स्वस्तात घेऊ, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच. उगवतोही बऱ्याचदा. पण वाण कुठलं ते माहीत नाही, दहा ठिकाणचा माल मिसळलेला, मर रोगाला (ज्यात उभं रोप वाळतं) बळी पडणारा आहे की नाही पत्ता नाही. दुसऱ्याच्या रानावर असा प्रयोग करायचा हक्क आपल्याला नाही.

महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ), राष्ट्रीय बीज निगम आणि कृषी विद्यापीठं (राहुरी, परभणी, अकोला, दापोली) हे भरवशाचे रस्ते. परभणीच्या विद्यापीठात १८ मे रोजी वर्धापन दिनाला खरिपाच्या बियाण्याची विक्री सुरू होते तेव्हा पहाटेपासून रांग असते, त्यामुळे तिथनं घ्यायचं तर आधीच बोलून ठेवा. नाहीतर तालुक्यातलं परवानाधारक कृषी सेवा केंद्र. शक्यतो स्थानिक दुकानातनंच घ्या, शेतकऱ्याची उधारी त्याच दुकानात असते आणि पुरात तो दुकानदारही बुडालेला असतो. फक्त एक बघा, त्याच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं होतं का? भिजून वाळवलेल्या बॅगा कमी भावात काढल्या जातात. बॅगेच्या तळाशी चिखलाची रेघ, शिवणीजवळ पांढरट बुरशी, हाताला गोळा लागणं, यातलं काही दिसलं तर तो लॉट सोडून द्या.

बॅगेवरचा टॅग वाचायला शिका. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत बियाण्याचा, हिरवट टॅग सत्यप्रत म्हणजे कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या बियाण्याचा. लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख आणि मुदत बघायची, प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नसतो, बिलात लावला असेल तर विचारा.

आणि बिल. हे जरा लक्ष देऊन वाचा कारण इथं सगळे चुकतात. तुम्ही घाऊक घेतलं म्हणून बिल तुमच्या मंडळाच्या नावावर येतं, बियाणं पेरलं शेतकऱ्यानं, उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे जायचं त्यानं, आणि त्याच्या हातात बिलच नाही! म्हणून दुकानदाराला सांगून बिलं शेतकऱ्यांच्या नावानं फाडायला लावा. वेळ लागतो, दुकानदार कुरकुरतो, तरी करा. बॅग, टॅग आणि मूठभर बियाणं काढणी होईपर्यंत जपून ठेवायला सांगा.

रंगवलेलं, गुलाबी-लाल दिसणारं बियाणं औषध लावलेलं असतं. पुरात धान्य गेलेल्या घरात हे दळणात जाऊ शकतं, हा धोका खरा आहे, विशेषतः गव्हाच्या बाबतीत. वाटताना घरातल्या बायकांना समोर बसवून सांगा, नुसतं बॅगेवर छापलंय यावर सोडू नका. जमलं तर त्याच टेम्पोत थोडा खायचा गहू वेगळ्या पोत्यात द्या, म्हणजे तो प्रश्नच येणार नाही.

खरिपाच्या वेळी कुणी कपाशीचं 'तणनाशक मारलं तरी न मरणारं' बियाणं स्वस्तात देतो म्हणाला तर लांब राहा. ते चोर बीटी, म्हणजे मान्यता नसलेलं बियाणं. बिल नाही, तक्रारीला जागा नाही, आणि पकडलं गेलं तर मदत राहिली बाजूला.

परदेशातल्या मंडळींनी बॅगेतनं बी आणू नये. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर ते बेकायदा आहे आणि तिकडचा रोग इकडे यायची भीती वेगळीच. पैसे पाठवा. भारतीय पासपोर्ट असेल तर सरळ बँकेतनं पाठवता येतात, परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याची) नोंदणी आहे का ते आधी विचारा.

उगवण बघितल्याशिवाय गाडी भरू नका

पाच मिनिटांचं काम आहे आणि आठवडाभर थांबायचं. प्रत्येक लॉटमधली एक बॅग फोडा, वरचे, मधले, खालचे असे मिळून शंभर दाणे न निवडता काढा. न निवडता म्हणजे न निवडता, आपला हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. गोणपाट भिजवून पिळून पसरा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दाण्यात बोटभर अंतर, वरनं दुसरं ओलं गोणपाट टाकून हळू गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडायचं, चिंब करायचं नाही.

सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडली की तीन प्रकारचे दाणे दिसतात. काहींना सरळ पांढरं मूळ आणि वर कोंब, हे मोजायचे. काही नुसतेच फुगलेले किंवा मूळ तुटकं, वाकडं, हे मोजायचे नाहीत, इथंच लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. आणि काही बुळबुळीत, बोटाला चिकटणारे, आंबूस वास येणारे. हरभरा आणि गहू ८५ च्या वर पाहिजे, ज्वारी ७५, सोयाबीन ७०. शेतकऱ्याकडनं घेतलेल्या घरच्या सोयाबीनची उगवण सत्तरच्या खाली आली तर प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणं वाढवायचं, साठच्या खाली आली तर ते बियाणं म्हणून द्यायचंच नाही. प्रमाणित बॅगेचा निकाल कमी आला तर दुकानदाराला दाखवून लॉट बदलून घ्या, आणि गोणपाटाचा फोटो काढून ठेवा.

हरभऱ्यासोबत बियाण्याला लावायची ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी मित्रबुरशी) आणि रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) यांची पाकिटं द्या, खर्च किरकोळ आहे. पाणी साचून राहिलेल्या रानात मर रोग जास्त येतो, त्यामुळे तिथं ट्रायकोडर्मा पाहिजेच. रायझोबियम हरभऱ्याचंच घ्या, सोयाबीनचं चालत नाही. बॅग आधीच औषध लावलेली असेल तर काय लावायचं काय नाही ते कृषी सहायकांना विचारूनच करा. पाकिटं टेम्पोच्या बोनेटवर उन्हात ठेवू नका, आतली बुरशी, जिवाणू मेले की ती नुसती भुकटी उरते.

वाटप

स्टेज, हार, नारळ, पाहुण्यांची भाषणं, हे सगळं टाळा, पेरणीच्या दिवसात माणसाला अर्धा दिवस बसवून ठेवणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. शक्य असेल तर कूपन पद्धत करा, यादीतल्या प्रत्येकाला नाव-वाण-किलो लिहिलेलं कूपन, दुकानातनं तो त्याच्या सोयीनं उचलणार, दुकानदार कूपनं जमा करून तुमच्याकडनं पैसे घेणार. कूपनावर रोख किंवा दुसरा माल द्यायचा नाही हे दुकानदाराशी आधी ठरवून घ्या आणि नंतर दहा-बारा जणांना फोन करून काय मिळालं ते विचारा. हातात बॅग घेऊन फोटो काढायचाच असेल तर विचारून काढा, कालपर्यंत चार माणसांना कामाला लावणाऱ्या माणसाला मदत घेताना फोटो नको असतो.

जनावरांना विसरू नका

ही गोष्ट शहरातल्या यादीत कधीच नसते. पुरात वाचलेलं जनावर पुढच्या दोन महिन्यांत चाऱ्यावाचून बाजारात जातं. सुक्या चाऱ्याचा ट्रक आठवड्यात संपतो, पण नेपियर गवताच्या कांड्या दिल्या तर अडीच-तीन महिन्यांत पहिली कापणी येते आणि पुढे वर्षानुवर्षं चालते. दोन डोळ्यांची कांडी, तीन फूट बाय दोन फुटांवर, एकरी सात हजारांच्या आसपास लागतात, पण एक-दोन जनावरांना पाच गुंठेही पुष्कळ, म्हणजे नऊशे कांड्या. एखादा दूधवाला शेतकरी ओळखीचा असेल तर फुकट देईल, त्याला कापायचंच असतं. कांड्या ताज्या कापून, ओल्या पोत्यात, दोन दिवसांच्या आत लागल्या पाहिजेत. ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच द्या. त्याच्याबरोबर मक्याचं आफ्रिकन टॉल बी दिलं तर मधल्या काळाची सोय होते.

रोपांचं गणित वेगळं

बियाणं चार महिन्यांचा विषय, झाड पाच-सात वर्षांचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वाडी म्हणजे कोकणात दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा, त्यामुळे हेक्टरी ५० हजारांची मदत गुंठ्यावर आली की हातात काहीच पडेना, मग ओरड झाल्यावर नारळाच्या झाडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये असं झाडागणिक ठरलं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं झाड धरायला लागायला सहा-सात वर्षं घेतं, त्याच्यापुढे हे ५० रुपये.

तेव्हा खूप संस्थांनी लगेच रोपं पोचवली, भावना चांगली, पण वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली मदत हवी होती ती करवतीची आणि ती चालवणाऱ्या माणसांची. पडलेली खोडं तिथंच कुजू दिली की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच भुंगा मग तुम्ही दिलेल्या नव्या माडाचा कोंब पोखरतो. खोडं हलवणं, चिरणं, बुंधे काढणं हे झाल्याशिवाय माडाची रोपं घेऊन जाऊ नका.

पोफळीची अजून एक अडचण, तिच्या कोवळ्या रोपाला सावली लागते. वादळात माडच गेले, सावली कुठनं येणार? म्हणून आधी केळी लावायची, केळी उभी राहिली की मग तिच्या आडोशाला पोफळ. म्हणजे पहिल्या वर्षी केळीचे मुनवे (बुंध्यातनं फुटलेली पिल्लं) द्या, पुढच्या पावसाळ्यात सुपारीची रोपं. केळीतनं मधल्या काळात चार पैसे पण सुटतात. अंतर पोफळीला २.७ मीटर, म्हणजे गुंठ्याला तेरा-चौदा रोपं. माडाला ७.५ मीटर, म्हणजे गुंठ्याला दोनसुद्धा नाहीत. वीस गुंठ्यांच्या वाडीला माडाची पन्नास रोपं नेऊन दिलीत तर तो माणूस तुम्हाला नाही म्हणणार नाही, पण लावणार दाट, आणि दाट लावलेला माड नुसता उंच जातो.

माडाचं रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याशी जाड घ्या. सुपारीचं वर्ष-दीड वर्षाचं, बुटकं आणि जास्त पानांचं. उंच लवलवीत रोप दिसायला छान, पण वाऱ्यापावसात पहिलं तेच आडवं होतं. श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र, रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं विद्यापीठ इथं मागणी आधी नोंदवावी लागते, मे महिन्यात फोन केला तर रोपं संपलेली असतात, आदल्या वर्षीच बोला. बाणवली माड टिकाऊ पण उशिरा धरतो, टी×डी (उंच आणि बुटक्या माडाचा संकर) लवकर धरतो पण खत-पाण्याची हौस जास्त. निवड वाडीवाल्याची.

समुद्राचं पाणी खाजणात (खाडीकाठच्या भातजमिनीत) शिरलं असेल, बांध फुटला असेल, तर तिथं नेहमीचं भात चालत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल १, २, ३ ही वाणं खाऱ्या जमिनीसाठीच काढलेली आहेत, ती मागवा.

देशावर डाळिंबाची रोपं देण्याचा मोह होतो, सोलापूर म्हटलं की डाळिंब. पण तेल्या रोग रोपांबरोबरच नव्या रानात जातो, त्यामुळे नर्सरी कुठली, मातृझाडं कुठली हे माहीत नसेल तर देऊच नका. मोसंबी द्यायची तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली, आणि पाणी तुंबणाऱ्या रानात तीही नाही.

रोपांची वाहतूक रात्री करा, वर ताडपत्री, पण आत हवा खेळती. गावात पोचल्यावर लगेच लावायची नाहीत, आठवडाभर तिथल्याच सावलीत ठेवायची. लावताना पिशवी काढायची, हे सांगायची गरज आहे का असं वाटेल, आहे. आणि रोपाच्या खर्चाइतकेच पैसे कुंपणाला आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या शिंपणाला बाजूला काढा. कोकणात वानरं आणि मोकाट गुरं मिळून पहिल्या वर्षी किती रोपं ठेवतील सांगता येत नाही, म्हणून शंभराला दहा-पंधरा जास्तीची रोपं नांग्या भरायला (मेलेल्या रोपांच्या जागी लावायला) नर्सरीतच राखून ठेवा, पैसे आत्ताच भरून.

दिल्यावर पुढे

पेरणीनंतर पंधरा दिवसांनी फोन करा, उगवलं का. हाच फोन महत्त्वाचा, कारण उगवलं नसेल तर तक्रार आणि दुबार पेरणी दोन्हीला तेवढाच वेळ असतो. त्यासाठी एकूण रकमेतले दहा टक्के तरी खर्च न करता हातात ठेवा.

काही गावांत एक पद्धत चांगली चालते. हरभरा, ज्वारी, गहू ही सरळ वाणं आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. तर ज्यानं ३० किलो घेतलं त्यानं काढणीनंतर तेवढंच निवडक बियाणं गावच्या कोठीत परत टाकायचं, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या घराला. सक्ती करायची नाही, पीक आलं तरच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्यांची गावरान बियाण्याची बँक साधारण याच तत्त्वावर चालते, घ्या आणि पिकवून परत द्या. पण तिथं बी राखणाऱ्या बाया आहेत, त्यांना ते काम येतं. तुमच्या गावात असं कुणी नसेल तर कोठी बांधायच्या आधी बचत गटातल्या दोघीतिघींना शोधा, ज्यांच्या घरात आजही मडक्यात राख घालून वाल-घेवड्याचं बी ठेवलेलं असतं. बियाणं नीट वाळवायचं, ओल राहिली तर भुंगा लागतो, पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. आणि कोठी गावाच्या उंच भागात घ्या, नदीकडच्या समाजमंदिरात नको.